राखेतला जोड

टँकर मागे सरकायला लागला तेव्हा टकटक्या त्याच्या चाकामागे होता. गुडघ्यावर बसलेला, दोन्ही हातांत दगड. टँकरच्या खालच्या अंगाला विहीर, आणि विहिरीत माझी सून. कठड्याला बायका दाटून उभ्या होत्या, प्रत्येकीचा दोर आत सोडलेला. आधी ‘कट्’ असा आवाज झाला. फार मोठा नाही, सुकलेली काटकी पायाखाली मोडावी एवढाच. ट्रॅक्टर जागेवर राहिला आणि टँकर एकटाच निघाला. टकटक्या ओरडला नाही, पळालाही नाही. त्याने दगड चाकाखाली सारला.

हा टकटक्या कोण ते आधी सांगते. नाहीतर तो त्या चाकामागे का बसला होता ते कळायचं नाही.

सूर्यमाळच्या फाट्यावर माझी चहाची टपरी आहे. तिच्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. आम्ही सगळे टकटक्याच म्हणायचो, त्याच्या तोंडावरसुद्धा. त्याच्या खिशात लहान हातोडी असे. लोखंडाची कुठलीही वस्तू दिसली की तो तिला टक् टक् करून ठोकायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. टपरीवर पहिल्यांदा आला तेव्हा चहा मागायच्या आधी त्याने माझ्या बाकड्याचा पाय ठोकला.

“वयनी, हा पाय बद बोलतो.”

“बोलू दे. तू चहा पी.”

त्याच्या हिशेबात दोनच आवाज होते. चांगलं लोखंड ‘खण’ बोलतं, बिघडलेलं ‘बद’ बोलतं. शाळेत घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, दवाखान्याचा पलंग, कोणाच्या लग्नात आलेलं कपाट, सगळं त्याने ठोकून झालेलं. एकदा मी आजारी पडून पलंगावर होते तेव्हा बघायला आला आणि मला काही विचारायच्या आधी पलंग ठोकला. मी म्हटलं, “मेल्या, मी बद बोलते का ते आधी बघ.” तो ओशाळला. पण जाताना पलंगाचा दुसराही पाय ठोकून गेला.

तो माझ्याहून थोडा लहान. वांगणीचा. तरुणपणी भिवंडीकडे गेला, तिथे टाक्या बनवायच्या कारखान्यात जोडकाम शिकला, हिंदी शिकला, आणि केस पिकायला लागल्यावर परत आला. कारखान्यात काय झालं, का सोडलं, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सांगायचं असतं तर चहा ढोसत रोज तासभर बसायचा तेव्हा सांगितलं असतं.

बांधकामाची तार त्याच्याजवळ नेहमी असे. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, “हे कसं तुटलं? मी तर जास्त माल भरलाच नव्हता,” की हा तारेचा तुकडा त्याच्या हातात द्यायचा.

“वाकव.”

तो वाकवायचा.

“तुटली? नाय ना? आता सरळ कर. परत वाकव. परत सरळ कर. थांबू नको.”

थोड्या वेळाने तार मोडायची, आणि मोडली तिथे बोटाला चटका बसायचा. मग टकटक्या म्हणायचा, “वजन तेवढंच होतं का नाय? बोटं तीच होती का नाय? लोखंड वजनानं मरत नाय. हालवून हालवून मरतं. ते दमतं. दमलेलं दिसत नाय, हीच पंचाईत.” तारेचे तुकडे माझ्या टपरीसमोर पडायचे आणि मला झाडावे लागायचे. एकदा वैतागून म्हटलं, “माणूस तरी वेगळं काय करतं रे? तेही हालून हालूनच मरतं.” तर म्हणाला, “माणूस वरडतं तरी, वयनी.”

मुळात त्याची माझी ओळख राखेमुळे वाढली. रोज सकाळी घमेलं घेऊन यायचा. “वयनी, राख.” चुलीतली कोरडी राख तो चाळून पोत्यात भरून ठेवायचा. जाड किंवा कडक पोलादाचा जोड केला की तो गरम असतानाच राखेत पुरायचा आणि पार निवेपर्यंत कोणाला हात लावू द्यायचा नाही. जोडायला वेळ थोडा आणि राखेत वेळ फार. जीपवाले कावायचे. “टकटक्या, आम्ही जोडाला आलो का कांदे भाजायला?”

मलाही ते खूळच वाटायचं. तेव्हा त्याने मला ढोलावरून समजावलं. ढोलाला कातडं चढवतात ते ओलं. सुकताना ते आकसायला बघतं, पण कडेला बांधलेलं असतं, म्हणून आकसता येत नाही. मग ताणून बसतं. सावलीत हळू सुकवलं तर ते ताणलेलं चांगलं वाजतं. घाईने उन्हात टाकलं तर कोणी हात न लावता फाटतं. “जोडाचं तसंच,” तो म्हणाला. “वितळलेलं लोखंड गार होताना आकसतं. दोन्हीकडचं गार लोखंड त्याला आकसू देत नाय. मग ती ओढ आतच राहते. बाहेरून जोड निवला, आत निवत नाय. आपण समजतो गाडी नुसती उभी आहे. नाय. त्या जोडावर उभ्या गाडीत पण कोणतरी ओढतंय.”

हे ऐकल्यापासून मी जीपमध्ये बसले की मला ते आठवतं. नको होतं ऐकायला.

त्याचं दुसरं एक वाक्य सगळ्या फाट्याला पाठ झालं होतं: “जोड तुटत नाय. जोडाच्या कडेचं तुटतं.” चांगला जोड मूळ लोखंडापेक्षा घट्ट असतो, पण त्याच्या अगदी शेजारची रेघ कच्ची पडते, तिथूनच चीर सुरू होते, असं त्याचं म्हणणं. माझ्या नणंदेचा मुलगा धर्मा ट्रॅक्टर चालवतो. तो एकदा चहा पिताना माझ्याकडे बघत म्हणाला, “म्हणजे नवरा-बायकोचं बरं असतं, कडेची सासू तोडते. होय ना, मामी?” सगळे हसले. मी त्याला बिनसाखरेचा चहा दिला. तो तसाच प्यायला, कारण परत मागायची त्याची हिंमत नव्हती.

टकटक्याची खरी खोड काळजीची. आपण केलेला प्रत्येक जोड त्याच्या लक्षात असे. एखादी जीप फाट्यावरून गेली की हा हातातलं काम टाकून रस्त्यावर यायचा. “थांब, स्प्रिंगच्या पाट्याचा जोड बघू दे.” जीप भरलेली, मागच्या पायरीवर माणसं लोंबकळतायत, आणि हा खाली आडवा. एकदा नवरदेवाची जीप अडवली. हळद लागलेला नवरदेव, करवल्या, म्हातारे, सगळे भर उन्हात खाली उतरले. हा जीपखाली शिरला, ठोकून ठोकून बघितलं. काही निघालं नाही. नवरदेवाच्या मामाने त्याला आई-बापावरून शिव्या दिल्या. टकटक्या कपडे झटकत म्हणाला, “नाय निघालं ना? मग गोड माना की.” त्या दिवसापासून तो दिसला की लोक म्हणायचे, “टकटक्या आला, लगीन थांबवा.”

तो किती वेळा बरोबर होता हे मला सांगता येणार नाही. जे वेळेत दुरुस्त झालं ते तुटलंच नाही, आणि जे तुटलं नाही त्याची गोष्ट होत नाही. किती वेळा चुकला ते मात्र सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे त्याचं ऐकायची लोकांची सवय मोडली. माझीही बरीचशी मोडली होती.

तो असा का, हे मला एकदाच कळलं. वावर-वांगणीकडे कुपोषणाने पोरं गेली त्या सालात त्याचा मुलगा गेला. त्या सालात तिकडे कोणाचं गेलं नाही ते विचारा. एका दुपारी टपरीवर दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा बोलला. “हातपाय फुगले होते त्याचे, वयनी. आम्हाला वाटलं पोर भरलं. बायको म्हणाली, बघ कसा गुबगुबीत झाला. वरून बरं दिसत होतं.” एवढं बोलून त्याने कपाच्या कडेवर नखाने टक् केलं आणि उठून गेला.

आता गेल्या उन्हाळ्याच्या आधीचा उन्हाळा. आमच्या पाड्यावर नळाच्या तोट्या बसल्या आहेत. तोट्या चांगल्या आहेत. पाणी आलं की कशा चालतात ते कळेल. तोवर उन्हाळ्यात टँकर येतो, तो विहिरीत पाणी ओततो आणि आम्ही ते दोराने वर काढतो. धर्मा ट्रॅक्टरमागे टँकर लावून दिवसभर तेच करायचा. माझा मुलगा ठाण्याला बिगारीवर होता. पाण्याला घरात दोन माणसं लागतात, म्हणून मी टपरी बंद ठेवून पाड्यावर सुनेजवळ राहायला गेले होते. सुनेचं नाव जनी.

त्यामुळे फाट्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही. टकटक्याने सांगितलं आणि धर्माने सांगितलं. दोघांचं जुळतं तेवढंच लिहिते.

टँकरच्या दांडीच्या टोकाला जाड कडं असतं. ते ट्रॅक्टरच्या पिनीत अडकवतात. अख्खा टँकर त्या कड्यावर ओढला जातो. त्या सकाळी टकटक्याने नेहमीप्रमाणे टँकर अडवला, कडं ठोकलं, आणि ते ‘बद’ बोललं. पुसून बघितलं तर जुन्या जोडाच्या कडेला केसाएवढी चीर.

“गाडी ठेव,” टकटक्या म्हणाला. “कडं नवं घालू. जव्हारवरनं मागवतो.”

“काका, काल पण पाड्यावर पाणी नाय गेलं. बायका मला फाडून खातील.”

“पाणी गप बसत नाय रे टाकीत. वळणावर हिंदकळतं, दर खड्ड्याला कड्याला हिसका देतं. किती दिवस देतंय ते बघ.”

“आजची एक खेप. मग चार दिवस ठेव तुझ्याकडे.”

टकटक्याला ते करायचं नव्हतं. पण पाड्याला पाणी नाही हेही त्याला कळत होतं. त्याने चीर घासून पार काढली, कडं तापवलं, जोडलं, आणि राखेत पुरलं. मग म्हणाला, “हे साधं लोखंड नाय बरं का. विळ्याच्या जातीचं आहे. जपायला लागतं. मी येईस्तोवर राख उकरू नको.” आणि नव्या कड्यासाठी जव्हारला फोन करायला तो वरच्या वळणावर गेला. फाट्यावर रेंज नसते.

तेवढ्यात आमच्या पाड्यावरचा एकजण मोटारसायकलवरून तिथे पोचला आणि धर्माला म्हणाला, “अरे, विहिरीवर बायका बसल्यात सकाळपासून. तुझ्या नावानं काय काय चाललंय ते ऐकून आलो. आईच्या नावापर्यंत पोचल्यात.”

धर्माने राख उकरली. कडं काळं दिसत होतं, पण धग लागत होती. आता त्याने जे केलं ते आमच्याकडच्या कोणीही केलं असतं. बाजारात लोहार विळा लाल करतो आणि पाण्यात बुडवतो. त्याला विळ्याला पाणी पाजणं म्हणतात. पाणी न पाजलेला विळा पहिल्याच गवताला वळतो, हे इथे लहान पोरालासुद्धा माहीत असतं. टकटक्या म्हणाला होता, विळ्याच्या जातीचं. धर्माने टँकरची तोटी सोडली, डबा भरला आणि कड्यावर ओतला. चर्रर्र झालं, वाफ आली, कडं गार झालं. आपण वेळही वाचवला आणि कडं पक्कंही केलं, असं त्याला वाटलं. तो खूश होऊन निघाला.

टकटक्या परत आला तेव्हा टँकर नव्हता आणि राखेचा चिखल झाला होता. त्याने चिखलात बोट घातलं. ते गरम होतं. खोडाळ्याचे एक गुरुजी मोटारसायकलवरून चालले होते. त्यांना न विचारता हा मागे बसला.

“चला.”

“अहो, कुठे?”

“टँकरमागं.”

गुरुजी चांगले, त्यांनी गाडी दामटली.

इकडे आमच्या विहिरीवर टँकर पोचला होता. विहिरीकडे रस्ता उताराचा आहे. ट्रॅक्टर वर तोंड करून उभा करायचा आणि टँकर मागे मागे आणायचा, म्हणजे पाइप विहिरीत पोचतो. टँकर सरकू नये म्हणून चाकांमागे दगडांची उटी लावायची असते. त्या दिवशी शिव्या चुकवायच्या घाईत धर्माने एकच दगड लावला, तोही लहान. पाइप सोडला. बायका तुटून पडल्या. ज्यांना कठड्याशी जागा मिळत नाही त्या आत उतरतात, तळाशी उभ्या राहून हंडा भरतात आणि वरची दोराने ओढते. जनी उतरली होती. माझा दोर तिच्या हंड्याला होता.

मोटारसायकल थांबायच्या आधीच टकटक्या उडी मारून ओरडायला लागला. “बाजूला व्हा! कठड्यावरनं बाजूला व्हा सगळ्या!”

“आला गं, लगीन थांबवायला,” कोणीतरी म्हणालं.

“काका, आज विहीर ठोकता काय?”

“हिची घागर बद बोलते बघ, ठोक जरा!”

बायका हसत होत्या आणि दोर ओढत होत्या. जागा कोणी सोडली नाही. सोडली तर मागची पुढे येणार आणि पाणी जाणार. तो धर्माकडे धावला. मी दोर धरून तिथेच होते, मला ऐकू येत होतं.

“पाणी घातलंस कड्यावर?”

“पाजलं ना. विळ्याला पाजतात तसं. तूच बोललास विळ्याच्या जातीचं.”

टकटक्याचं तोंड मी तेव्हा बघितलं. रागावलेलं नव्हतं. तो घाबरला होता, आणि त्याच्यासारख्या रोज घाबरणाऱ्या माणसाचं खरं घाबरलेलं तोंड वेगळं दिसतं. धर्मा म्हणाला, “थांब, ट्रॅक्टर पुढं घेतो.”

“हालवू नको! अजिबात हालवू नको. उतर पण नको, ब्रेकवर पाय ठेव. पाणी ओतून होऊ दे, हलकं होऊ दे.” मग माझ्याकडे वळला. “वयनी, खाली कोण आहे?”

“जनी.”

“वर घे तिला.”

त्याने जीपखाली घालवलेले सगळे तास मला माहीत होते, नवरदेवाचा मामा माहीत होता. पण मी वाकून ओरडले, “जने, वर ये!”

“भरतेय ना, आये!”

“हंडा मरू दे. वर ये!”

“भरला, भरला. ओढ!”

टकटक्या मोठे दगड गोळा करत होता. एक आणून त्याने डाव्या चाकामागे घातला. उजव्या चाकाला घालायला दोन हातांत दोन घेऊन गुडघ्यावर बसला. खाली जनी पहिल्या पायठ्यावर, भिंतीतल्या दगडी पायरीवर, चढली होती. एका हाताने दगड धरलेला, दुसऱ्या हाताने हंडा सावरत. हंडा सोडायला तयार नाही. तेव्हा तो आवाज झाला.

पुढचं लिहायला लागतं तेवढा वेळ त्याला लागला नाही. टँकर निघाला. टकटक्याने एक दगड सारला. चाक त्यावर चढलं, थबकलं, दगडावरून घसरलं. त्याने दुसरा सारला आणि पाय मागे घ्यायला त्याला जमलं नाही. चाक त्याच्या पायावर आलं आणि दगडावर अडलं. डावं चाक त्याचा दगड ओलांडून गेलं होतं, उजवं तेवढं अडल्यामुळे टँकर वळला, सरळ विहिरीत जायचा तो तिरका जाऊन कठड्याच्या कोपऱ्यावर आदळला आणि तिथे टेकून राहिला. कठड्याचे दगड आत पडले. बायका दोन्हीकडे फेकल्यासारख्या झाल्या. पाइप निसटून सगळीकडे पाणी उडत होतं, आणि एकही बाई त्याच्याकडे बघत नव्हती.

मी दोर ओढला. दोर हलका आला.

“जने!”

उत्तर नाही. पाण्याचाच आवाज. खाली गढूळ झालं होतं, धूळ होती, काही दिसत नव्हतं. मी परत हाक मारली. माझा आवाज मला ओळखू आला नाही. शेजारची बाई “देवा, देवा” करत होती. तिला मी गप्प बस म्हटलं, कारण मला ऐकायचं होतं.

मग खालून आवाज आला. “आये, हंडा चेपला.”

ती पायठ्यावर भिंतीला चिकटून उभी होती. दगड तिच्या पुढून गेले होते, हंड्यावर पडले होते. डोक्यात बारीक खडी, खांद्याला खरचटलेलं. वर आली तेव्हाही ती हंड्याबद्दलच बोलत होती. मी तिला कानाखाली मारली. मग बसवलं आणि पाणी पाजलं.

टकटक्याला काढायला वेळ लागला. टँकर हलवला तर खाली जायची भीती. धर्मा रडत होता. टकटक्याच त्याला चाकाखालून सांगत होता, “रडतो काय, दोर बांध. पिनीला नको, अ‍ॅक्सलला. हां. आता पहिला गियर.” बायकांनी चाकाला खांदे लावले. मघाशी हसलेल्या त्याच बायका. पाय सुटला तेव्हा त्याचा रंग राखेसारखा झाला होता. जीप मिळाली. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले, पुढे धर्मा.

सूर्यमाळपासून जव्हारपर्यंत रस्ता कसा आहे ते तिकडच्यांना सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला तो दात आवळायचा. मला वाटलं पायासाठी. मध्येच डोळे उघडून ड्रायव्हरला म्हणाला, “हळू घे. पुढच्या पाट्याचा जोड माझा आहे.”

ड्रायव्हर म्हणाला, “काका, तो तर तू चांगला केलास.”

“चांगलाच केला. म्हणून तर म्हणतो, कडेचं बघ.”

मला हसू आलं आणि लाज वाटली.

जव्हारला त्यांनी बघितलं, बांधलं आणि नाशिकला नेलं. तिथे गुडघ्याखाली पाय काढला. तो परत फाट्यावर आला तेव्हा कुबडी होती. आल्या आल्या त्याने कुबडी ठोकून बघितली, पण ती लाकडाची होती. जोडकाम उभ्याने, वाकून, आडवं पडून करायचं काम. ते आता होणार नव्हतं. मुलगी वाड्याला दिलेली, ती न्यायला आली.

निघायच्या दिवशी तो माझ्या बाकड्यावर बसला होता. धर्मा त्याचं सामान टेम्पोत चढवत होता. ते झाल्यावर तो येऊन समोर उभा राहिला. एवढा उंच माणूस, हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

“काका, चूक माझी.”

“अर्धी तुझी,” टकटक्या म्हणाला. “मी अर्धं बोललो आणि रेंज बघायला गेलो. विळ्याच्या जातीचं आहे एवढं बोललो. विळ्याला धार पाहिजे, कड्याला जीव पाहिजे, हे बोललोच नाय. पाणी पाजलं की कडक होतं, पण कडक झालेलं वाकत नाय, एकदम मोडतं. हे सांगायचं राहिलं.”

“आता सांगितलंस.”

“हां. पाय देऊन.”

धर्मा हसला नाही. टकटक्या हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “वयनी, येतो.” मी म्हटलं, “ये.” आणखी काय म्हणणार? टेम्पो वळणावरून गेला. शेडचं दार बरेच दिवस वाऱ्याने आपटत होतं, शेवटी मीच तारेने बांधलं.

त्यानंतर एका पावसाळ्यात तो वाड्याला काविळीने गेला. मुलीने धर्माला फोन करून कळवलं. आम्ही पोचायच्या आत सगळं झालं होतं.

आता खोडाळ्याच्या बाजारात लोक सांगतात की टकटक्या टँकरखाली मेला. काही जण सांगतात, सून पण गेली. परवा एक जण हे मलाच सांगत होता, माझ्याच बाकड्यावर बसून, आणि जनी आत भजी तळत होती. म्हणून लिहिलं. त्या दिवशी विहिरीवर कोणी मेलं नाही. जनी वाचली. कठड्यावरच्या बायका वाचल्या. धर्मा वाचला. मी होते, मी वाचले. आणि टकटक्याही वाचला.